साखर वाढली

मी एक जुना पितळी डबा आहे. साखरेचा. मित्रांनो, माझ्या पोटाला एक पोचा आला आहे आणि झाकणाची कडी जरा ढिली झाली आहे, पण अंगावर घातलेलं नाव अजून वाचता येतं. 'चि. सौ. कां. भागीरथी हिस मामाकडून सप्रेम भेट, १९७१.' हे नाव माझ्यावर घातलं तेव्हा मला फार लागलं होतं. दुकानदार बारीक छिन्नी घेऊन टकटक ठोकत होता आणि भागीरथीचा मामा शेजारी उभा राहून सांगत होता, "सप्रेम नीट लिवा हां. पोर मायेची हाय माझी."

त्याआधीचं मला थोडंच आठवतं. आधी मी पितळेचा नुसता पत्रा होतो. मग एका तांबटाने मला गोल वळवलं, सांधलं, ठोकून ठोकून अंगाला चकाकी आणली आणि आतून कल्हई लावली. कल्याणच्या बाजारात भांड्यांच्या दुकानात मी हंडे-कळशांच्या रांगेत बसलो. तिथे हंड्यांचा फार तोरा होता. आम्ही पाणी भरणार, आम्ही लग्नात मिरवणार, असं त्यांचं चालायचं. मी गप्प बसायचो. आपल्या नशिबात डाळ येते की मीठ, हेच मला ठाऊक नव्हतं.

माझ्या नशिबात साखर आली. मग मात्र मी हंड्यांना मनातल्या मनात वाकुल्या दाखवल्या.

कल्याणच्या खाडीकाठी कोळ्यांची वस्ती आहे. तिथे गोमाजीच्या घरी भागीरथी लग्न होऊन आली आणि तिच्याबरोबर मी आलो. गोमाजीचा बाप खाडीत जाळी टाकायचा. गोमाजीही लहानपणी टाकायचा. पुढे खाडीतली मासळी कमी झाली आणि तो जवळच्या मोहने गावी धाग्याच्या कारखान्यात लागला. रोज सायकलवरून शहाडचा पूल ओलांडून कामावर जायचा आणि रविवारी हौसेने जाळं घेऊन खाडीवर जायचा. भागीरथी मात्र कोळीणच राहिली. पहाटे मासळी आणायची, डोक्यावर पाटी घ्यायची आणि बाजारात आपल्या जागेवर जाऊन बसायची. घासाघीस करण्यात तिचा हात कोणी धरत नसे. पापलेटाचा भाव सांगताना ती गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघत नसे, त्याच्या पिशवीकडे बघत असे.

स्वयंपाकघरात मला खिडकीशेजारची जागा मिळाली. एका बाजूला चहापत्तीचा डबा, दुसऱ्या बाजूला मिठाची बरणी. मिठाच्या बरणीशी माझं कधी जमलं नाही. तिला सगळे रोज हात लावत, पण तिचं नाव कोणी घेत नसे. माझं नाव मात्र दिवसातून कितीदा निघे. पाहुणा आला, साखर आणा. पोर पास झाली, साखर आणा. नारळी पौर्णिमेचा नारळीभात, गणपतीचा शिरा, दिवाळीला रेशनवर मिळणारी जादा साखर. ही सगळी वर्दळ माझ्याकडे. मुंग्यासुद्धा मिठाच्या बरणीला ओलांडून माझ्याकडे यायच्या.

भागीरथीचा चहा अख्ख्या कोळीवाड्यात नावाजलेला होता. दूध कमी असेल, पत्ती हलकी असेल, पण साखरेला ती कधी मागे सरली नाही. घट्ट, गोड, चमचा उभा राहील असा चहा. शेजारची जनी तर रोज दुपारी त्याच चहासाठी काहीतरी निमित्त काढून यायची. कधी चाळण मागायला, कधी परत करायला. गोमाजी तोच चहा बशीत ओतून भुरके मारत प्यायचा आणि बशीच्या तळाशी राहिलेली साखर बोटाने पुसून चाटायचा. मोठा गोड माणूस होता तो, सगळ्याच अर्थांनी. कोणी काही दिलं तर नाही म्हणणं त्याला जमत नसे. कोणाच्याही घरी गेला तर चहा घेतल्याशिवाय उठत नसे, कारण उठलं तर घरच्या बाईला वाईट वाटेल, अशी त्याची समजूत.

आता मित्रांनो, एक शब्द तुम्हाला सांगायला हवा. आमच्या घरात साखर कधी संपली नाही. म्हणजे संपायची, माझा तळ खरवडून निघायचा, पण 'संपली' असं कोणी म्हणायचं नाही. भागीरथीच्या आईने तिला तसं शिकवलं होतं. भरल्या घरात संपलं, सरलं, नाही असं बोलू नये. फुटलेल्या बांगडीला जसं 'बांगडी वाढवली' म्हणतात, तसं मीठ वाढलं, तांदूळ वाढले, साखर वाढली. माझ्यात चमचा खणखण वाजायला लागला की भागीरथी लेकीला हाक मारायची, "सगुणा, साकर वाढली गं. वान्याकडं जा." आणि सगुणा पिशवी घेऊन पळायची. या शब्दाचा मला मोठा अभिमान होता. बघा, मी रिकामा असलो तरी लोक मला वाढलेला म्हणतात.

याच शब्दाने पुढे गोमाजीच्या जिवाशी खेळ मांडला.

ते साल १९८६. गोमाजी चाळिशीच्या पुढे गेला होता आणि त्याचं पोट बनियनच्या बाहेर डोकावायला लागलं होतं. एके दिवशी शहाडच्या पुलाच्या चढावर सायकल मारताना त्याच्या छातीत दाबल्यासारखं झालं. तो खाली उतरला, कठड्याला टेकला, जरा वेळाने बरं वाटलं म्हणून कामावर गेला. घरी येऊन त्याने हे हसत सांगितलं. भागीरथी हसली नाही. दुसऱ्याच दिवशी त्याला स्टेशनजवळच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं, छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढायला सांगितली. निकाल कळायचा त्या दिवशी गोमाजीची कारखान्यात पाळी होती, म्हणून भागीरथी पाटी विकून एकटीच गेली.

ती परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. जनी नेहमीसारखी चाळण परत करायला आली होती.

"काय बोलला डागदर?" जनीने विचारलं.

"यांची साकर वाढली, बोलला. कालजाला जपा, बोलला."

"अगो बाय! मान्साची पन साकर वाढते?"

"वाढंल नाय तर काय? रोज मोहन्यापरत सायकल हानतो, तिकडं मशीनवर उभा. आंगात हाय ती सगली खर्च व्हते." भागीरथीने पदराने तोंड पुसलं. "तेल-तूप कमी करा बोलला. आन् साकरेकडं ध्यान द्या बोलला."

"मंग दे बाय ध्यान," जनी म्हणाली.

आणि भागीरथीने ध्यान दिलं. मित्रांनो, ती नवऱ्यावर किती जीव लावते ते मी त्या दिवसांत पाहिलं. तेल-तूप तिने त्याच रात्री बंद केलं. बोंबील तळायचे सोडून ती रस्सा करू लागली. आणि नवऱ्याच्या अंगातली खर्च झालेली साखर भरून काढायला तिने कंबर कसली. चहात दोन चमचे वाढले. सकाळी कामावर जाण्याआधी शिरा. डब्यात चपातीबरोबर साखरेची पुडी. संध्याकाळी आला की आधी साखरपाणी. स्वतःच्या चहातली साखर कमी करून ती त्याच्या कपात घालायची. माझा तर रोजच सण चालला होता. मी आठवड्यात दोनदा भरला जायचो आणि दोनदा रिकामा व्हायचो. गोमाजीही खुशीत होता. औषध इतकं गोड असतं हे त्याला माहीत नव्हतं.

फक्त तो पुलाच्या चढावर आता नेहमीच सायकलवरून उतरू लागला होता. जिना चढताना थांबू लागला होता. भागीरथी म्हणायची, "आजून भरली नाय तुमची," आणि अजून एक चमचा घालायची.

मग एका रविवारी सकाळी गोमाजी अंगणात जाळं विणत बसला होता. सगुणा शेजारी अभ्यास करत होती. त्याने हातातली सुई खाली ठेवली, छाती धरली आणि तो खांबाला टेकला. कपाळावर घाम डबडबला. सगुणा अनवाणी डॉक्टरांकडे धावली. जनीने गोमाजीला घरात आणून आडवं केलं. भागीरथीने धावत येऊन माझं झाकण उघडलं, मूठभर साखर पेल्यात टाकली, पाणी ओतलं आणि ढवळायला सुरुवात केली.

डॉक्टर रिक्षातून आले. गोमाजीच्या जिभेखाली त्यांनी एक गोळी ठेवली, नाडी पाहिली आणि वळले तर भागीरथी पेला घेऊन उभी.

"हे काय आहे?"

"साकरपानी. जरा पाजते, मंग बरा वाटंल."

"साखर? बाई, मी तुम्हाला काय सांगितलं होतं?"

"तुमीच बोललात ना साकर वाढली? मंग भरून नको काढाला? रोज घालते मी. जेवढी व्हते तेवढी घालते. तरी भरत नाय."

डॉक्टरांनी विचारलं, "वाढली म्हणजे काय झालं, असं तुम्हाला वाटलं?"

भागीरथीला हा प्रश्नच विचित्र वाटला. तिने माझ्याकडे बोट दाखवलं. "वाढली म्हंजे वाढली. डब्यात नाय उरली."

जनीने तोंडावर हात ठेवला होता. डॉक्टरांनी भागीरथीच्या हातातला पेला घेतला आणि बाजूला ठेवला. मला वाटलं आता ते ओरडणार. पण ते खाली तिच्यासमोर पाटावर बसले.

"बाई, चूक माझी. मी चढली म्हणायला हवं होतं. ह्यांच्या रक्तात साखर जास्त झाली आहे. कमी नाही, जास्त. रोज एवढी साखर पोटात गेली की रक्तातली साखर चढते, चरबी चढते, नळ्या आतून खराब होतात. मग हृदयाला रक्त पुरत नाही. तेल-तुपाचं तुम्ही केलंत ते चांगलं केलंत. पण ह्यांच्या हृदयाला ही साखर सोसवत नाही."

भागीरथीने एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि एकदा माझ्याकडे. ती रडली नाही. ती म्हणाली, "मना सगला सांगा. काय देऊ, काय नको. पुना सांगा. साधा सांगा." डॉक्टरांनी सांगितलं. मग गोमाजीला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं आणि घरात मी, झाकण उघडं, तसाच राहिलो. मुंग्या यायला लागल्या तरी कोणाला झाकण लावायचं सुचलं नाही.

गोमाजी वाचला. बऱ्याच दिवसांनी घरी आला, अंगाने उतरलेला आणि आवाजाने हळू झालेला. आणि त्या दिवसापासून मी जे पाहिलं, ते सांगण्यासाठीच खरं तर मी हे आत्मवृत्त सांगायला बसलो आहे.

भागीरथीने मला रिकामं केलं नाही. फेकलं नाही. तिने मला खिडकीशेजारून उचलून वरच्या फळीवर ठेवलं, जिथे हात पोचवायला तिलाही पाटावर चढावं लागे. माझ्या जागेवर तिने मेथीदाण्याची बरणी ठेवली. मेथीदाणे! मी किती जळलो म्हणून सांगू. पण वरून घर चांगलं दिसायचं, आणि भागीरथी काय करते आहे ते नीट दिसायचं.

तिने नवऱ्यासाठी वेगळा चहा केला नाही. घरात सगळ्यांना एकच चहा. जनी म्हणाली, "पोरीला तरी दे गोड." भागीरथी म्हणाली, "त्याच्या म्होरं आमी गोड प्यावाचा आन् त्यानं बघाचा? नाय बाय." आणि तिने साखर एका झटक्यात बंद केली नाही. बाजारात बसून तिला माणसं कळत होती. "गिऱ्हाइकाला एकदम नाय बोलला तर तो दुसरीकडं जातो," ती म्हणायची. म्हणून दर काही दिवसांनी चमचा जरा कमी भरायची. गोमाजीला कळायच्या आत त्याची जीभ एक पायरी खाली उतरलेली असायची.

जनीने सुचवलं की गुळाला काय हरकत, तो काही साखर नव्हे. भागीरथीने लगेच गूळ आणला नाही. ती डॉक्टरांकडे गेली, विचारून आली आणि जनीला म्हणाली, "गूल पन तिचाच भाऊ हाय." तेव्हापासून कोणीही काही सांगितलं, मध, काकवी, सरबत, की ती आधी विचारायची. एकदा शब्दाने फसलेली बाई दुसऱ्यांदा फसली नाही.

पण घरातली साखर तिच्या हातात होती. घराबाहेरची नव्हती. आणि मित्रांनो, आपल्याकडे साखर घराबाहेरच जास्त असते.

गोमाजी कामावर गेला की कॅन्टीनचा चहा. कोणाला मुलगा झाला, पेढा. कोणाचं प्रमोशन, जिलबी. कोणाची पूजा, प्रसादाचा शिरा. आणि गोमाजीला नाही म्हणता येत नसे. भागीरथी घराघरांत जाऊन सांगून आली की यांच्या चहात साखर घालू नका. लोकांना राग आला. एक म्हातारी तोंडावर म्हणाली, "आमच्या घरची साकर काय इख हाय व्हय?" पाहुणे आले की ती त्यांच्यापुढे फिका चहा ठेवायची आणि वर वेगळी साखर विचारायची. आमच्याकडे साखर विचारायची नसते, घालायची असते. मग वस्तीत बोलणं सुरू झालं. भागीरथीचा हात आखडला. भागीरथीच्या घरी आता चहा प्यायला जाऊ नका. सुतक असल्यासारखा चहा देते. ज्या बाईचा चहा कोळीवाड्यात नावाजलेला, तिच्या घरी जनी सोडली तर दुपारी कोणी फिरकेना. वरच्या फळीवर बसून मला माझाच अपमान झाल्यासारखं वाटायचं. भागीरथी मात्र कपबश्या धुवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फिका चहा टाकायची.

आणि एक गोष्ट कोणाला कळली नाही, मला कळली. सगळ्यांत जास्त गोड चहा लागायचा तो भागीरथीला. पहाटेच्या गार वाऱ्यात मासळी आणून, पाटी उतरून, बाजारात पहिला चहा घ्यायची ती तिची एकच चैन होती. ती तिने सोडली. बाजारातल्या बायका सांगायच्या की ती चहावाल्याला म्हणते, बिनसाखरेचा दे. डॉक्टरांनी तिला काही सांगितलं नव्हतं. तिच्या हृदयाला काही झालं नव्हतं. गोमाजीला सोडायला सांगायचं तर आपणही सोडायला हवं, एवढाच तिचा हिशेब.

गोमाजी काय करायचा? तो दुपारी घरात कोणी नाही असं बघून पाटावर चढायचा, माझं झाकण हळूच उघडायचा आणि चिमूट तोंडात टाकायचा. मग खिडकीतून खाडीकडे बघत उभा राहायचा. भागीरथीला ते कळायचं. माझं झाकण ती नेहमी जरा उजवीकडे फिरवून लावायची, आणि संध्याकाळी ते सरळ असायचं. ती त्याला काही बोलायची नाही. एकदाच म्हणाली, "सगुणाचा लगीन बघावाचा हाय ना तुमाला?" गोमाजीने मान खाली घातली. आठवडाभर झाकण हललं नाही. मग पुन्हा हललं.

असं वर्षानुवर्षं चाललं. कधी तिची सरशी, कधी जिभेची. मधेच पुन्हा एकदा गोमाजीला दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉक्टरांनी भागीरथीला बाजूला घेऊन सांगितलं की आता पुढचा झटका आला तर सांगता येत नाही. हे तिने घरी येऊन जनीला सांगितलं आणि त्या दिवशी मी तिला पहिल्यांदा रडताना पाहिलं. ती म्हणाली, "जने, घरात मी राखते गो. भायेर मी कुठं कुठं जाऊ?"

१९९३ साली सगुणाची सोयरीक जमली. ठाण्याच्या कोळीवाड्यातलं घर, चांगली माणसं. मुलाचे वडील नामा, मोठे दिलदार आणि मोठ्या आवाजाचे. साखरपुडा आमच्या घरी ठरला.

साखरपुडा! मित्रांनो, नावातच मी आहे. कितीतरी वर्षांनी मला फळीवरून खाली काढलं. जनीने चिंच-मीठ लावून मला घासलं, माझं पितळ उन्हासारखं झळकलं, आणि मला गळ्यापर्यंत भरलं. पाहुण्यांसाठी. त्यांच्या चहात भागीरथीने हात आखडला नाही. अंगणात मांडव, बायका नऊवारी लुगड्यांत, माझ्या बाजूला पेढ्यांचं ताट. सगुणाची ओटी भरली, साखरेचा पुडा तिच्या हातात दिला, आणि सगळं आनंदात पार पडत होतं. गोमाजी नवी टोपी घालून बसला होता.

मग नामांनी ताटातला पेढा उचलला. मोठा, चांगला दोन घासांचा. गोमाजीच्या समोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "चला व्याही, तोंड गोड करा. आता आपन एक घर."

सगळे बघत होते. मुलाकडच्या चार वडीलधाऱ्या मंडळींनी माना वर केल्या होत्या. बायकांच्या घोळक्यात भागीरथी उभी होती, मी तिच्या अगदी समोर होतो. ती बोलू शकत नव्हती. मुलीची आई भर मांडवात व्याह्याचा पेढा अडवते, ही गोष्ट ठाण्यापर्यंत गेली असती आणि सगुणाला जन्मभर ऐकावी लागली असती. आणि नाही न म्हणता येणारा तिचा नवरा समोर बसला होता. एक पेढा खाऊन माणूस मरत नाही, हे तिलाही कळत होतं. पण हा पेढा गेला की उद्या लग्नातले लाडू, परवा व्याह्यांकडचं जेवण, मग पुन्हा कॅन्टीन. इतक्या वर्षांचं सगळं त्या एका हातावर आलं होतं.

गोमाजीने पेढा घेतला. हातात घेतला. त्याच्याकडे बघितलं. मग मान वर करून त्याने बायकांच्या घोळक्यात भागीरथीला शोधलं.

"व्याही," तो म्हणाला, "तुमचा पेढा मी घेतला. सोयरीक पक्की. पन तोंडात नाय घालाचो. राग मानू नका."

नामांचा हात तसाच राहिला. "का वो? काय चुकला आमचा?"

"तुमचा नाय. माझा कालीज कमजोर हाय. डागदरनी साकर बंद केलीय. पन मी चोरून खायाचो. घरात खायाचो, कामावर खायाचो." "सात वर्सां ती बाई माझ्यापायी लोकांचा बोलना आयकते. तिनं सोताची चाय फिकी केली. तिला कुनी सांगितला नव्हता. आज तुमच्या हातचा खाल्ला तर तिचा सगला पान्यात जाईल. मना माझ्या पोरीचा लगीन बघावाचाय, व्याही. नातू बघावाचाय."

ज्या म्हातारीने साखर म्हणजे विष आहे का असं विचारलं होतं, ती खाली बघत होती. मग नामांनी तो पेढा गोमाजीच्या हातातून परत घेतला आणि ताटात ठेवला.

"मंग तोंड गोड कशानं कराचा? असाच तर नाय सोडाचो तुमाला," ते म्हणाले आणि त्यांनी पूजेचा फोडलेला नारळ उचलला. खोबऱ्याचा तुकडा काढून गोमाजीच्या तोंडात घातला. "दर्याला चालतो, त्यो आपल्याला चालतो. यो तरी खावाल ना?"

मांडवात हसू पसरलं. गोमाजी खोबरं चावत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. भागीरथी वळली आणि घरात गेली. चहा टाकायच्या निमित्ताने गेली, पण स्टोव्ह पेटवायला तिला बराच वेळ लागला. जनी तिच्या मागे गेली आणि बाहेर आली तेव्हा म्हणाली, "रडू द्या तिला. आज तिनं रडाला पायजे."

त्यानंतर माझं झाकण पुन्हा कधी सरळ झालं नाही. गोमाजीने सगुणाचं लग्न पाहिलं, मांडवात नाचलासुद्धा, जरा बेताने. नात झाली, तिला खांद्यावर घेऊन तो खाडीकाठी फिरला. कारखान्यातून निवृत्त झाला. कोळीवाड्यातल्या बायका आता आपल्या घरच्या माणसाच्या छातीत दुखलं की भागीरथीकडे येतात, काय द्यायचं आणि काय नको ते विचारायला. तिच्या घरी पुन्हा लोक चहाला येतात. फिक्या चहाला. जनी तर म्हणते की आता तिला बाहेरचा चहा गिळवत नाही.

परवाचीच गोष्ट. भागीरथीला जरा ताप होता म्हणून गोमाजीने सकाळी चहा केला. त्याने मला फळीवरून काढलं. मी दचकलो. पण त्याने आपल्या कपाला हात लावला नाही. भागीरथीच्या कपात दोन चमचे घातले, ढवळले आणि तिच्या उशाशी कप नेऊन ठेवला.

"घे. तुझा तुला," तो म्हणाला. "तुला कुनी बोलला नव्हता सोडाला. माझ्यापायी सोडलास. आता पी."

भागीरथीने घोट घेतला. तिचा चेहरा वाकडा झाला. तिने कप खाली ठेवला.

"ह्याला काय चाय बोलतात? नुसती साकर. आपन असा पीत होतो?"

"असाच पीत होतो," गोमाजी म्हणाला.

"कसा पीत होतो वो?"

दोघं एकमेकांकडे बघून हसायला लागली. भागीरथीने त्याच्या हातातला फिका चहाचा कप घेतला आणि अर्धा पिऊन त्याला परत दिला.

मित्रांनो, मी साखरेचा डबा आहे. मला भरलेलं असणं आवडतं, हे मी लपवत नाही. पण वर्षानुवर्षं या फळीवर बसून मी भागीरथीला पाहिलं आहे, आणि तिच्यासारखं आपलं माणूस राखणारं दुसरं कोणी मला भेटलं नाही. तुमच्याही घरी ओट्यावर माझा एखादा भाऊबंद असेल. आज घरी गेलात की तुमच्या बाबांच्या, आजीच्या कपात किती चमचे पडतात ते नीट बघा. त्यातला एक चमचा हळूच परत डब्यात टाका. डब्याला राग येणार नाही, हे मी तुम्हाला खात्रीने सांगतो. आणि तुमची आई त्यांच्यासाठी स्वतःचा चहा फिका पीत असेल, तर तेही बघा. ते सहसा कोणी बघत नाही.